पंचवीस रुपयांची हवा

ऑक्टोबर संपत आला की लडाखमध्ये दिवस आणि रात्र हे जणू दोन वेगळे ऋतू होतात. दुपारी उन्हात स्वेटर काढावासा वाटतो. सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात हातमोजे शोधावे लागतात आणि पहाटे बाटलीतले पाणी गोठलेले असते. हॉटेलात उतरलेल्या प्रवाशाला ही काळजी हॉटेलवाल्यावर टाकता येते. पण पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून स्वतःची मोटारहोम घेऊन निघालेल्यांना तशी सोय नसते. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवायची आणि जागा आवडेल तिथे मुक्काम करायचा, ही हौस आता आपल्याकडेही रुजते आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. महाबळेश्वरच्या थंडीत अशा गाडीत एक जादा रजई पुरते. लडाख किंवा स्पितीत मात्र रात्र कशी काढायची, याचा विचार घरातून निघण्यापूर्वीच करावा लागतो.

युरोपात हा प्रश्न जुना आहे. तिथल्या कॅम्पसाइटवर गाडी उभी केली की शेजारी विजेचा खांब असतो. वायर जोडली की घरच्यासारखा हीटर लावता येतो. पण डोंगरात, समुद्रकाठी, वीजजोडणी नसलेल्या जागी राहणाऱ्यांचीही तिथे मोठी जमात आहे. त्यांच्यासाठी साठच्या दशकापासून गॅसवर आणि डिझेलवर चालणारे खास हीटर विकसित होत गेले. मोटारहोमच्या ईएन १६४६ या युरोपीय मानकात उष्णतेनुसार गाड्यांची प्रतवारी केलेली आहे. सर्वांत वरच्या श्रेणीतल्या गाडीत बाहेर उणे १५ अंश असताना आत २० अंश तापमान राखता आले पाहिजे. आपल्याकडे गॅरेजमध्ये बांधून घेतलेल्या गाड्यांना अशी कोणतीच श्रेणी नसते. त्यामुळे मालकालाच थोडे गणित करावे लागते. ते अवघड नाही, आणि त्यातून खर्च तर कळतोच, पण नेमकी कुठे काटकसर करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, हेही कळते.

ऊब जाते कुठे?

समजा, गाडीचा आतला भाग पाच मीटर लांब आणि साधारण १.९ मीटर रुंद व तेवढाच उंच आहे. भिंती, छत, तळ आणि काचा मिळून सुमारे ४५ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. त्यातली पाच चौरस मीटर काच धरू. उरलेल्या पत्र्याला आतून तीन सेंटीमीटर जाडीचा फोमचा थर नीट बसवलेला आहे. बाहेर उणे ५ अंश आणि आत १८ अंश, म्हणजे फरक २३ अंशांचा.

फोम लावलेल्या पृष्ठभागातून दर चौरस मीटरला, दर अंशामागे साधारण एक वॉट उष्णता बाहेर जाते. चाळीस चौरस मीटरचे झाले ९२० वॉट. एकेरी काचेतून मात्र याच्या साडेपाच पट वेगाने उष्णता पळते. पाच चौरस मीटर काचेचे झाले ६३० वॉट. म्हणजे पृष्ठभागाच्या जेमतेम नवव्या हिश्शातून एकूण उष्णतेचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग निसटतो. राहिली ताजी हवा. दोन माणसांसाठी तासाला ३० घनमीटर हवा आत यायला हवी असे धरले तर ती तापवायला सुमारे २३० वॉट लागतात. (उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे प्रत्यक्षात याहूनही कमी.) सगळे मिळून १,७८० वॉट.

रात्रीचे दहा तास धरले तर ही जवळपास १८ युनिट वीज झाली. मोटारहोममध्ये सर्रास असते तशी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात १.२ युनिट असतात. म्हणजे एका रात्रीला पंधरा बॅटऱ्या! त्यातून साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर तिचे आयुष्य घटते, आणि थंडीत तिची क्षमता आणखी खाली येते. छतावर चारशे वॉटचे सोलर पॅनेल असले तरी थंडीतल्या स्वच्छ दिवशी त्यातून दीडेक युनिट मिळेल. त्यावर दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा आरामात चालतो. खोली तापत नाही. लिथियम बॅटरीवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची : बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या शून्य अंशाखाली चार्ज करायच्या नसतात. बॅटरी गाडीच्या बाहेरच्या कप्प्यात असेल तर सकाळी ऊन आले तरी ती उबदार होईपर्यंत पॅनेलची वीज घेता येत नाही.

तेव्हा उष्णतेसाठी इंधनच जाळावे लागते. डिझेलच्या एका लिटरमध्ये साधारण दहा युनिटइतकी ऊर्जा असते. हीटरची कार्यक्षमता ऐंशी टक्के धरली तर वरच्या रात्रीला २.२ लिटर डिझेल लागेल. लिटरला नव्वद रुपये धरले तर दोनशे रुपये. दहा दिवसांच्या सहलीत दोन हजार. हॉटेलच्या मानाने हे काहीच नाही, पण टाकीतले डिझेल पुढच्या पंपापर्यंतही पुरवायचे असते आणि लडाखमध्ये पंप एकमेकांपासून फार लांब आहेत.

आता याच गणिताचे तुकडे पाहू. काचांना आतून जाड, हवेचे पोकळ थर असलेले पडदे घट्ट बसवले तर काचेतून होणारे नुकसान निम्म्याहून खाली येते आणि रात्रीला चाळीसेक रुपयांचे डिझेल वाचते. ताजी हवा येण्याची फट बंद केली तर वाचतात पंचवीस रुपये. अनेक जण नेमके उलटे करतात. पडद्याचा खर्च टाळतात आणि थंडी लागली की आधी फटीत फडके कोंबतात.

सूर्य हाही हीटरच

लडाखमध्ये काटकसरीचा सर्वांत स्वस्त मार्ग आकाशात आहे. हवा कोरडी, ढग कमी, उंची जास्त, त्यामुळे थंडीतही ऊन कडक असते. पुढची मोठी काच दुपारी दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे राहील अशी गाडी उभी केली तर काही तास एक हीटर फुकट चालतो. गादी, रजया, लाकडी फळ्या आणि पाण्याची टाकी तापून राहतात. सोनम वांगचुक यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये दाखवलेला सैनिकांचा सौर तंबू याच तत्त्वावर उभा होता. बाहेरचे किमान तापमान उणे १४ असताना रात्री दहा वाजता आत १५ अंश तापमान होते, आणि तेही इंधन न जाळता. मोटारहोम काही त्या तंबूसारखी घडवलेली नसते. पण सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधी सगळे पडदे लावले तर दिवसाची कमाई काही काळ तरी आत टिकते. अंधार पडल्यावर पडदे शोधणाऱ्याची ती कमाई गेलेली असते.

जागा निवडतानाही थोडा विचार हवा. नदीकाठचा खोलगट भाग दिसायला सुंदर असतो, पण रात्री थंड हवा उतारावरून वाहत येऊन तिथेच साचते. उतारावर थोडे वर, वाऱ्याच्या आडोशाला आणि सकाळचे ऊन लवकर पोहोचेल अशा जागी गाडी लावली तर दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो.

खोली नव्हे, माणूस

काश्मिरी माणूस हिवाळ्यात फिरनच्या आत कांगडी घेऊन बसतो. मातीच्या भांड्यात निखारे, बाहेर वेताची वीण. घर गार असले तरी चालेल, अंगाला ऊब हवी, हा त्यामागचा हिशेब. मोटारहोममध्ये कांगडी पेटवायची नाही (का, ते पुढे येईल), पण हिशेब मात्र जसाच्या तसा उचलण्यासारखा आहे.

झोपेत माणसाचे शरीर साधारण सत्तर-ऐंशी वॉट उष्णता बाहेर टाकत असते. चांगल्या स्लीपिंग बॅगेत किंवा दोन रजयांखाली तेवढी ऊब पुरते. अंथरुणाच्या आत तीस अंशांच्या वर तापमान राहते, मग बाहेर खोलीत दहा अंश असले तरी निरोगी प्रौढ माणसाची झोप मोडत नाही. रात्रीपुरता हीटर १८ ऐवजी १० अंशांवर ठेवला आणि काचांना पडदे असले तर वरचे दोनशे रुपये एकशे पाचवर येतात.

अंथरुण आधी गरम करायला रबरी पिशवी उत्तम. दीड लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापवायला शेगडीवर साधारण पंधरा ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे रुपया-दीड रुपयाचा. झोपण्याआधी वीस मिनिटे ती पायथ्याशी ठेवली की पाय गार पडत नाहीत, आणि पाय उबदार असले की झोपही लवकर लागते. लेहच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे दोन भाग उकळते आणि एक भाग गार पाणी मिसळले की हवे ते तापमान मिळते. पिशवीत थेट उकळते पाणी ओतायचे नाही. तिच्यावर कापडाची खोळ हवी आणि ती रात्रभर अंगाला चिकटून राहता कामा नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना पाय भाजल्याचे सकाळीच कळते. अशांनी अंथरुण तापवून पिशवी काढून ठेवावी. सतत लागणाऱ्या मंद धगीने त्वचेवर जाळीसारखे डाग पडतात. काश्मीरमध्ये वर्षानुवर्षे कांगडी वापरणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाला वैद्यकात ‘कांगडी कॅन्सर’ असेच नाव आहे. चार रात्रींच्या पिशवीने असे काही होत नाही, पण त्वचा धग विसरत नाही एवढे त्यातून कळते.

बारा व्होल्टवर चालणारे इलेक्ट्रिक ब्लँकेटही मिळते. पन्नास वॉटचे ब्लँकेट दोन तास चालवले तर एका बॅटरीतला बारावा हिस्साच खर्च होतो. विजेवर ऊब घ्यायचीच असेल तर ती अशी, अंथरुणापुरती.

दहा अंशांची काटकसर सगळ्यांसाठी नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत थंडीच्या दिवसांत घरातले तापमान किमान १८ अंश असावे असे म्हटले आहे आणि लहान मुले, वृद्ध व दीर्घ आजार असलेल्यांसाठी त्याहून अधिक लागू शकते असेही नमूद केले आहे. थंडीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. रात्री लघवीला उठून रजईतून थेट उणे तापमानात जाणे हृदयरोग्यासाठी धोक्याचे ठरू शकते. आजी-आजोबा बरोबर असतील तर डिझेलचे शंभर रुपये वाचवण्यात काही शहाणपण नाही. आणि ‘थोडी घेतली की ऊब येते’ हा समज तर दुहेरी चुकीचा. मद्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे गरम वाटते, पण शरीर प्रत्यक्षात अधिक वेगाने गार होत जाते. शिवाय उंचीवर झोपेतला श्वास आधीच उथळ असतो, तो आणखी मंदावतो.

जाळायचे, पण कुठे?

गाडीत लावण्याच्या हीटरचे दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक जिवावरचा आहे. एका प्रकारात ज्योत बंद पेटीत असते. ज्वलनाला लागणारी हवा गाडीखालून येते आणि धूर दुसऱ्या नळीने गाडीखालीच बाहेर जातो. खोलीतली हवा फक्त तापलेल्या धातूवरून फिरून परत येते, ज्योतीशी तिचा संबंधच येत नाही. जर्मनीच्या वेबास्टो, एबरश्पेखर आणि ट्रुमा यांचे हीटर या जातीचे. त्यांच्या धर्तीवरचे स्वस्त चिनी डिझेल हीटरही बाजारात आहेत. दुसऱ्या प्रकारात ज्योत खोलीतच असते : गॅसची शेगडी, सिलिंडरवर बसवायचा जाळीचा हीटर, केरोसीनचा स्टोव्ह, कोळशाची शेगडी. हे स्वस्त असते, लगेच पेटते आणि त्याची सगळी उष्णता आत राहते. पण उष्णतेबरोबर जे जे तयार होते, तेही सगळे आतच राहते.

त्यातले पाणी डोळ्यांना दिसते. एक किलो एलपीजी जळला की जवळपास १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. त्यात माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रीत निघणारे अर्धा लिटरभर पाणी मिळवा. ही वाफ थंड पत्र्यावर आणि काचेवर थेंब होऊन जमते, फोममागे शिरते, गाद्या ओल्या करते. ओली रजई ऊब देत नाही, म्हणून माणूस हीटर आणखी वाढवतो आणि गाडी आणखी ओली होते. बंद पेटीच्या हीटरची वाफ बाहेर जाते, त्यामुळे तोच हीटर गाडी कोरडीही ठेवतो.

गॅसची आणखी एक अडचण थंडीत समोर येते. आपल्या सिलिंडरमधल्या एलपीजीत ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. रात्र गोठली की ब्युटेन द्रवरूपातच बसून राहतो. सिलिंडर हलवला तर आत गॅस खुळखुळतो, पण ज्योत मिणमिणते. युरोपातले प्रवासी हिवाळ्यात म्हणूनच नुसता प्रोपेन भरतात. सिलिंडर गरम पाण्यात किंवा हीटरजवळ ठेवून ‘जागा’ करण्याचा उद्योग इथे काही जण करतात. तो कोणीही करू नये.

डिझेलचेही नखरे आहेत. मैदानातून भरलेले साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत दाट होऊन गाळणीत अडकते. इंडियन ऑइलने लडाखसाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले, ते याचसाठी. उशिरा जाणाऱ्यांनी वर पोहोचण्याआधी टाकी जवळजवळ रिकामी करून तिथले डिझेल भरलेले बरे. उंचीवर ऑक्सिजन कमी असल्याने हीटरला हवेच्या मानाने इंधन जास्त पडते, काजळी धरते आणि काही दिवसांनी तो पेटतच नाही. खरेदी करतानाच त्यात उंचीनुसार इंधन कमी करण्याची सोय आहे का आणि ती किती मीटरपर्यंत चालते, हे विचारावे. छोट्या गाडीला दोन किलोवॉटचा हीटर पुरतो. पाच किलोवॉटचा घेतला तर तो रात्रभर मंद जळत राहतो आणि मंद ज्वलनात काजळी अधिक साचते. मंद चालवलेला हीटर बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटे पूर्ण जोरात चालवावा, म्हणजे पेटी साफ जळते.

इंजिन चालू ठेवून गाडी तापवणे हा सर्वांत महाग मार्ग. हीटरला तासाला दोनशे मिलिलिटर पुरते तिथे मोठे इंजिन नुसते उभे राहून त्याच्या कैक पट पिते. त्यात बर्फ पडत असेल तर धुराची नळी बर्फात गाडली जाते आणि धूर तळातून आत येतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे हिमवादळात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक प्रवासी दगावले. त्यांतल्या काहींच्या मृत्यूमागे थंडीबरोबर हा वायूही असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले.

डोकेदुखी उंचीची की वायूची?

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. इंधनाला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तातल्या ऑक्सिजनची जागा हळूहळू बळकावतो. सुरुवातीला डोके जड होते, मग मळमळ, गरगरणे, गळून गेल्यासारखे वाटणे. झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथल्या एका रिसॉर्टमध्ये केरळचे आठ पर्यटक, त्यांतली चार मुले, एका खोलीत झोपले. थंडी म्हणून गॅसचा हीटर पेटवलेला होता. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडले आणि कोणीच वाचले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जॉर्जियातल्या गुडौरी या बर्फाच्या गावात एका भारतीय उपाहारगृहाच्या वर झोपलेले अकरा भारतीय कर्मचारी मरण पावले. वीज गेल्यावर बंद जागेत लावलेल्या जनरेटरचा धूर त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. त्याच महिन्यात केरळमध्ये वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. तिथे थंडीचा प्रश्नच नव्हता, एसीसाठी गाडीचा जनरेटर चालू होता. कालिकतच्या एनआयटीमधील तज्ज्ञांनी नंतर चाचणी केली तेव्हा जनरेटरचा वायू खालून गाडीत शिरत असल्याचे आढळले. आपल्या लष्करालाही बर्फातल्या बुखारीने हा त्रास दिला आहे. डीआरडीओने ‘हिमतापक’ हे उपकरण तयार केले ते भडका आणि कार्बन मोनॉक्साइड यांपासून जवानांचे प्राण वाचावेत म्हणूनच, आणि लष्कराने त्यासाठी ४२० कोटींहून अधिक रुपयांची मागणी नोंदवली.

लडाख-स्पितीत या संकटाला आणखी एक पदर आहे आणि तो सर्वांत फसवा आहे. साडेतीन हजार मीटरवर समुद्रसपाटीच्या मानाने ऑक्सिजन ६५ टक्केच असतो. नव्याने पोहोचलेल्याचे डोके दुखते, मळमळते, थकवा येतो, झोप लागत नाही. हा विरळ हवेचा त्रास, हे आता बहुतेक प्रवाशांना ठाऊक असते. पण कार्बन मोनॉक्साइडची सुरुवातीची लक्षणेही हीच! बंद गाडीत शेगडीशेजारी बसलेला माणूस ‘उंचीमुळे होतंय’ म्हणून एक गोळी घेतो आणि आडवा होतो. शरीराला आधीच ऑक्सिजन कमी पडत असतो, त्यामुळे समुद्रसपाटीला जेवढ्या वायूने नुसते डोके दुखले असते तेवढा इथे अधिक महागात पडतो.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे मदतीला येत नाही, उलट दिशाभूल करतो. साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून आकडा काढतो आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखेच लाल दिसते. माणूस गुदमरत असताना पडद्यावर चांगला आकडा झळकू शकतो. करोनाकाळात घरोघरी आलेले हे यंत्र लडाखच्या बॅगेत आवर्जून भरले जाते, म्हणून ही गोष्ट प्रत्येक प्रवाशाला माहीत असायला हवी.

मग ओळखायचे कसे? गाडीतल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास सुरू झाला तर संशय घ्यावा. उंचीचा त्रास सहसा एकेकाला, कमी-अधिक होतो. बाहेर मोकळ्या हवेत काही वेळ उभे राहिल्यावर बरे वाटले आणि आत येताच पुन्हा डोके धरले, तर तो वायूच समजावा. उंचीवरची हवा आत आणि बाहेर सारखीच असते. खात्री होण्याची वाट पाहायची नाही. ज्योत, हीटर, इंजिन बंद करायचे, दारे उघडायची, सगळ्यांना बाहेर काढायचे आणि थेट रुग्णालय गाठायचे. नुसत्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास. बाजारात मिळणारी ऑक्सिजनची फवारणीची डबी काही मिनिटांतच संपते, तिच्या भरवशावर थांबू नये. बेशुद्ध पडलेला, छातीत दुखणारा किंवा गर्भवती प्रवासी असेल तर बरे वाटले तरी तपासणी टाळायची नाही.

निघण्याआधी

बंद पेटीचा हीटर असला तरी धुराच्या नळीचा जोड सैल होऊ शकतो, खडबडीत रस्त्यावर तर हमखास. म्हणून गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. मोटारहोमसारख्या वाहनांसाठीचे युरोपीय मानक ईएन ५०२९१ चा दुसरा भाग आहे. तो आकडा उपकरणावर छापलेला आहे का ते पाहावे. या मानकाचा अलार्म हवेत ३०० पीपीएम वायू झाला की तीन मिनिटांच्या आत वाजतो, ५० पीपीएमला तास-दीड तासात. तो झोपण्याच्या जागी, डोक्याच्या पातळीच्या आसपास बसवावा, कारण हा वायू हवेइतकाच हलका असतो आणि सगळीकडे सारखा पसरतो. एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा, आणि तो जमिनीलगत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. ‘दोन्हीसाठी एकच’ म्हणून विकले जाणारे उपकरण कुठे बसवणार, हा प्रश्न विकणाऱ्यालाच विचारून पाहावा. अलार्मच्या सेन्सरला आयुष्य असते. बदलण्याची तारीख मागे छापलेली असते, बॅटरी नवी घातली म्हणून सेन्सर नवा होत नाही.

हवेची फट दोन ठिकाणी हवी, एक खाली आणि एक छताजवळ, म्हणजे हवा आपोआप फिरते. स्वयंपाक चालू असताना खिडकीही किलकिली ठेवायची, थंडी वाजली तरी. झोपताना शेगडी विझवून सिलिंडरचा नॉब बंद, आणि खोलीत कोणतीही ज्योत नाही. धुराच्या नळीचे तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला आहे ना आणि शेजारच्या गाडीच्या खिडकीकडे नाही ना, हे मुक्कामाला उतरल्यावर वाकून पाहायला मिनिटही लागत नाही. बर्फ पडला तर मध्यरात्री एकदा उठून ती मोकळी करावी लागते.

आणि हीटरची पहिली परीक्षा पँगाँगच्या काठावर नको. घरासमोर गाडी उभी करून, पुण्याच्या थंडीत का होईना, तो एक संपूर्ण रात्र चालवावा. त्या रात्री अलार्म चालू ठेवायचा आणि आत कोणी झोपायचे नाही. सकाळी किती डिझेल गेले, बॅटरी किती उतरली आणि अलार्मच्या पडद्यावर कमाल आकडा काय नोंदला गेला, ते वहीत टिपून ठेवायचे.